चांगुमावशीची सही

चांगुमावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी माझ्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत आमच्या वॉर्डातले जेवढे फॉर्म खरे भरले गेले, ते तिच्यामुळे. जो एक मुद्दाम खोटा भरला गेला, तो माझ्यामुळे, आणि तो तिचाच होता.

आमचं हॉस्पिटल उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या बाजूला आहे. फार मोठं नाही. खाली मेडिकल आणि तपासणी, वर दोन मजले वॉर्ड, गच्चीवर पाण्याची टाकी. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातली. वडील केमिकल कंपनीत पॅकिंगला होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझं बीएस्सीचं सर्टिफिकेट वडिलांनी फ्रेम करून देवांच्या फोटोशेजारी लावलंय, आणि दसऱ्याला आई त्यालाही हळदकुंकू लावते. त्या सर्टिफिकेटवर मला ही नोकरी मिळाली.

काम सोपं वाटायचं. हृदयरोगाच्या आमच्या मॅडमना एक गोष्ट सारखी सलत होती. कुणी हर्नियाला दाखल होतो, कुणी पाय मोडून, आणि दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या खाटेवर त्याला हार्ट अटॅक येतो. मग मागाहून कळतं की तंबाखू होती, बीपी होतं, बाप तसाच गेला होता. आधी कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. म्हणून मॅडमनी दोन पानांचा फॉर्म केला. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं: तंबाखू, बीडी, दारू, बीपी, साखर, घरात कुणाला हृदयाचा त्रास, छातीत, हातात, जबड्यात कधी दुखतं का, जेवणात मीठ किती, चालणं किती. मी विचारायचं, लिहायचं आणि कॉम्प्युटरवर चढवायचं.

पहिल्या पंधरवड्यात मी मन लावून सत्तर-ऐंशी फॉर्म भरले. मॅडमनी ते चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"मनीषा, तुझ्या फॉर्मवरून उल्हासनगरात कुणी तंबाखूच खात नाही. मग आपल्या जिन्याच्या कोपऱ्यात रंगपंचमी कोण खेळतं?"

मी टेबलावरचे फॉर्म गोळा केले.

"महिनाभर बघू," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे काम बंदच केलेलं बरं."

मी गच्चीवर टाकीमागे जाऊन रडले. तिथे एक बाई उकिडवी बसून दात घासत होती. दुपारचे दोन वाजले होते. तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "कागदवाली न तू? कोन बोललं तुला?"

ती चांगुमावशी. आमच्याकडे सगळ्याच आयांना मावशी म्हणतात, पण नुसतं 'मावशीला बोलवा' म्हटलं की हीच यायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, नाकात मोरणी. वय विचारलं तर म्हणायची, आधार कार्डावर एक जानेवारी हाय, तेवरा खरा. बदलापूर गावातली, आगऱ्यांची. माहेर खाडीकडचं. बाप मिठागरात कामाला, आणि लहानपणी हीसुद्धा मीठ ओढायला जायची. पायांना त्याच्या भेगा होत्या, त्या कधीच भरल्या नाहीत म्हणायची. बदलापूरहून दोन शेअर रिक्षा बदलून सकाळी सातला यायची आणि हॉस्पिटलचं निळ्या काठाचं पातळ नेसून वॉर्डात शिरायची. तिच्या हातातल्या फडक्याला पेशंट घाबरत. फडकं फिरवता फिरवता ती उशीखालची पुडी काढून घ्यायची आणि परत द्यायची नाही.

माझं रडगाणं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू कागद हातान धरून इचारतंस. कागदानं इचारला का मानूस कागदाला बरा दिसंल तेच सांगतं. शालंत पोरा बोलत नाय काय, अभ्यास केला म्हनून? तसा."

"मग कसं विचारू?"

"उंद्या ये माज्या मागनं. कागद खिशान ठेव."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागून फिरले. पहिल्या खाटेवर कापडाचे एक सिंधी व्यापारी होते, पित्ताच्या खड्यासाठी आलेले. माझ्या फॉर्मवर त्यांचं मीठ 'कमी' होतं. मावशी त्यांची चादर बदलत होती.

"शेठ, घर से पापड आया के नाय?"

"आया ना," शेठ खुश झाले. "पापड बिना रोटी उतरती है क्या?"

"एक के दो?"

"खाने के साथ दो. चाय के टाइम एक. और दुकान में कोई मेहमान आया तो उसके साथ एक. खाली पानी थोड़ी पिलाते हैं किसी को."

"और मेहमान कितना आता?"

"दुकान है बाई, मेहमान ही मेहमान."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी खिशात हात घातला. मी त्यांना मिठाचं विचारलं होतं. पापडाला ते मीठ समजतच नव्हते.

पलीकडच्या खाटेवर अंबरनाथचीच एक काकू होती. छातीत जळजळ म्हणून आलेली, आणि सगळे तिला पित्त पित्त म्हणत होते. तंबाखू? नाही. मी स्वतः लिहिलं होतं. मावशी तिची वेणी घालायला बसली.

"मिश्री संपली का हाय?"

"आहे थोडी. का, तुमच्याकडे आहे का?"

"किती येला लावतंस?"

"सकाळी, दुपारी, निजताना. मधे कधी डोकं चढलं तर."

मी न राहवून म्हटलं, "काकू, तुम्ही तर तंबाखू नाही म्हणालात."

काकू खरोखर दुखावली. "अगं, मिश्री काय तंबाखू असते? चांगल्या घरातल्या बायका आम्ही. तंबाखू बाप्ये खातात."

मिश्री म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. पण दात घासायची म्हणून ती कुणी व्यसनात धरत नाही. माझी आजी लावायची, आणि तिलाही तंबाखूचा वास आवडत नसे. मी घरात वीस वर्षं ते पाहिलं होतं, तरी मला सुचलं नाही. त्या काकूचा ईसीजी परत काढला. ते पित्त नव्हतं.

मी फॉर्मवर पेनने एक ओळ वाढवली: मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? महिनाअखेरीस मॅडमनी नवे फॉर्म छापून आणले, त्यात ती ओळ छापलेली होती. डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुला कसं सुचलं?" मी म्हटलं, "पेशंटशी बोलताना लक्षात आलं, मॅडम." मागे दाराशी चांगुमावशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचं नाव तोंडात आलं होतं, पण डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये आयाचं नाव कसं घ्यायचं, असं काहीतरी वाटलं. माझं काम पक्कं झालं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "बरी बोललीस गो. टाल्या पन वाजवल्या तुला." त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

ती स्वतः पक्की मिश्रीवाली. कोल्डक्रीमच्या जुन्या डबीत पूड, ती डबी कमरेला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कायमचं काळं. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, नाहीतर खारवलेली वाकटी. डब्याचं झाकण उघडलं की नर्सिंगच्या पोरी पळायच्या आणि पाच मिनिटांनी वाटी घेऊन परत यायच्या. मी म्हणायचे, "मावशी, एवढं मीठ. तुम्हीच लोकांना सांगता."

"मी मिठागराची पोर. मीठ सोरला का माहेर सुटंल."

तिचा एक प्रश्न मात्र मी आजही रोज विचारते. बदलापूर पूर्वेच्या नव्या सोसायटीतले एक साहेब आले होते, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. घरात कुणाला हृदयाचा त्रास? नाही. वडील कशाने गेले? वय झालं होतं. मी लिहून टाकलं. मावशी खाटेखाली फरशी पुसत होती. खालूनच तिचा आवाज आला.

"साहेब, तुमच्या घरान म्हातारी मानसा किती?"

"आई आहे ना. बहात्तर वर्षांची."

"ती तुमच्यान आयलेली. बापाकडली कोन?"

साहेब विचार करायला लागले. चुलते अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. वडील एक्कावन्न. थोरला भाऊ गेल्या वर्षी. आजोबांना त्यांनी पाहिलंच नव्हतं. "आमच्यात पुरुष लवकर जातात," ते म्हणाले. आमच्यात गणपती दीड दिवसाचा असतो, अशा सुरात.

ऑपरेशन थांबवलं. पुढच्या तपासण्या मुंबईत झाल्या आणि साहेब वाचले. दोन महिन्यांनी पेढे घेऊन आले आणि माझ्या हातात दिले. मी ते वॉर्डात वाटले, मावशीला दोन दिले. ती म्हणाली, "गोड कवरा हाय," आणि एक परत ठेवला.

या सगळ्याच्या बदल्यात मी तिला एकच गोष्ट दिली. पगाराच्या कागदावर ती अंगठा द्यायची आणि मग दिवसभर शाई घासत बसायची. "एका बोटाला मिश्री, एका बोटाला शाई. हात धुवू तरी किती येला?" मी म्हटलं, सही शिका. रद्दीतल्या ईसीजीच्या कागदांच्या मागे आम्ही 'चांगुणा' गिरवायला बसायचो. 'चां' आठ दिवसांत आला. 'गु'चा उकार तिला माशाच्या गळासारखा वाटायचा, तो तिला आवडला. 'णा' काही उभा राहीना, कायम कलंडायचा. टाकीजवळ बसली की ओल्या बोटाने भिंतीवर तो काढायची, आणि वाळायच्या आत माझ्याकडे बघायची. माझ्या आयुष्यात मी शिकवलेली तीच एक विद्यार्थिनी.

सही यायला लागली त्याच सुमारास साफसफाईचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने सांगितलं, पन्नाशीच्या वरच्या आयांनी डॉक्टरचं फिट असल्याचं सर्टिफिकेट द्यायचं. मॅडम म्हणाल्या, वेगळं काय करायचं, आपलाच फॉर्म भरा, मी बघून सही करते. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी दोघींचं बीपी जास्त निघालं. मॅडमनी लिहिलं, उपचार सुरू करावेत. ठेकेदाराने उपचारांचं काही वाचलं नाही. त्या दोघी सोमवारी कामावर नव्हत्या.

मावशीला काम का हवं होतं, ते मला माहीत होतं. बदलापूरची जमीन बिल्डरकडे गेली होती. पैशांच्या गाड्या आल्या, आणि त्यातली एक गेलीही. राहायला सुनेचा फ्लॅट होता, खायला होतं. पण ती म्हणायची, "घरान बसली का मी म्हातारी जाली. हितं मी मावशी हाय."

तिची पाळी आली ती दुपारच्या जेवणानंतर. माझ्या टेबलासमोर खुर्ची होती, तिच्यावर ती इतक्या दिवसांत कधी बसली नव्हती. त्या दिवशी बसली, अगदी कडेला. पातळ नीट केलं. मी हसून म्हटलं, "मावशी, तुम्हाला काय विचारायचं."

"नाय नाय. सगला इचार. मी कवा खोटा सांगनार नाय. लोकांना किती बोलतंय मी, खोटा सांगू नका म्हनून."

आणि तिने खरंच सगळं सांगितलं. मिश्री दिवसातून चारदा. मीठ, सुकं, लोणचं. स्टेशनकडचा चढ चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, थांबलं की जातं. कधी डाव्या जबड्यात ठणकतं. मी पट्टा बांधला आणि मशीनचा आकडा बघितला. वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर. पाच मिनिटं थांबून परत घेतलं. एकशे शहात्तर.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कागदाकडे नाही, कारण कागद तिला वाचता येत नव्हता.

मी लिहिलं: तंबाखू, नाही. मिश्री, नाही. ही ओळ छापली गेली होती तिच्यामुळेच, तिच्यासमोर मी 'नाही' लिहिलं. मीठ, बेताचं. छातीत दुखणं, नाही. जबडा, दाढ किडल्यामुळे. रक्तदाब, एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. माझं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. तेच मला अजून खटकतं. मला वाटत होतं, मी तिचे उपकार फेडते आहे.

आणि तिचा प्रश्न, घरात म्हातारी माणसं किती, तो मी विचारलाच नाही. उत्तर मला अर्धं ठाऊक होतं. तिचा बाप मिठागरात उन्हानं पडून गेला होता, भाऊ जेवता जेवता.

"सगला लिवलास?" तिने विचारलं.

"हो मावशी. सगळं."

"खरा?"

"खरं."

मग तिने सही केली. पहिली, खऱ्या कागदावरची. जीभ दातांत धरून, माझा पेन काठीसारखा धरून. 'णा' थोडा कलंडला, पण उभा राहिला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

आठवड्याने सगळे फॉर्म सही होऊन आले. मावशी फिट. दुसऱ्या दिवशी ती मोठा डबा घेऊन आली, वालाचं बिरडं आणि भाकऱ्या, वॉर्डातल्या सगळ्यांसाठी. हातावर भाकरी ठेवत ती नर्सिंगच्या पोरींना सांगत होती, "मी काय लपवला नाय हां. मिश्री चार येला, मीठ खातंय, चढनीला छाती धरतं, सगला सांगला. कागदवालीनं शब्दाला शब्द लिवला. तरी डाक्टरनीनं पास केला मना. हाड काय ते, मिठागराचा हाय."

मी वाटी हातात धरून उभी होते. तोपर्यंत माझ्या मनात एवढंच होतं की मी ठेकेदाराला फसवलं. आता कळलं, फसली कोण. तिने खरं सांगितलं होतं, डॉक्टरने ते वाचलं असं ती समजत होती, आणि वाचून पास केलं म्हणजे आपण धडधाकट, असा तिचा हिशेब होता. तिच्या जागी मीही तेच समजले असते.

एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, मी तसं लिहिलं नाही. तेवढंच.

पुढच्या सहा महिन्यांत मी तीन-चारदा आडून प्रयत्न केला. "मावशी, एकदा मॅडमना दाखवू या, सहज."

"कनाला? तिनंच तर पास केलाय."

"बीपी परत बघू या का?"

"तू बघलास न गो. का मशीन बिघारली?"

पहिले काही दिवस मी तिच्या नोकरीसाठी गप्प होते. नंतर कधीतरी माझ्या नोकरीसाठी गप्प राहायला लागले. खोटा आकडा लिहिणारीला मॅडमनी एक दिवस ठेवलं नसतं, आणि घरी ती फ्रेम होती. एक कारण संपून दुसरं कधी सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही. मी त्या दिवसाची तारीख शोधून पाहिली आहे.

एप्रिलच्या उन्हात एक दिवस मी दुपारी गच्चीवर गेले तर ती टाकीच्या सावलीत बसून डाव्या गालात मिश्री दाबत होती.

"दाढ ठनकतंय. सकालपासना."

मी तिथेच थांबले. "मावशी, खाली चला. ईसीजी काढू."

ती हसली. "दाढंचा ईसीजी? लोका हसतील. जा, खालनं लवंगाचा तेल आन."

मी गेले. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातं ते हे. मला माहीत होतं. माझ्याच हाताने मी ते जबड्याचं दुखणं दाढेवर ढकललं होतं, आणि तिने हसून तेच सांगितलं तेव्हा माझाही त्यावर विश्वास बसला, किंवा मी बसू दिला. मेडिकलमध्ये दोन माणसं पुढे होती. मी रांगेत उभी राहिले. बाटली घेऊन वर आले तेव्हा ती भिंतीला टेकली होती, पातळ घामाने अंगाला चिकटलेलं, आणि डोळे उघडे होते.

"दाढ नाय गो ही," ती म्हणाली.

तिला तिच्याच वॉर्डात आणलं, तिनेच सकाळी चादर घातलेल्या खाटेवर. ईसीजी निघाला. मॅडम धावत आल्या, गोळ्या, इंजेक्शन, ऑक्सिजन. मग म्हणाल्या, "हिचा जुना फॉर्म काढ."

मी काढून दिला. त्यांनी तो वाचला, मावशीचं काळं बोट बघितलं, परत कागद बघितला.

"मावशी, मिश्री लावत नाही असं सांगितलंत? छातीत दुखत नाही म्हणून सांगितलंत?"

मावशीने मास्क जरा बाजूला केला. ती आधी मॅडमकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. कितीही मोठं खोटं असलं तरी तिला ते कळायला तेवढाच वेळ लागायचा, हे मी दोन वर्षं पाहिलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच बोलली खोटा. काम जाईल म्हनून."

मॅडम हताश होऊन म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा, मावशी?" आणि फोन लावायला गेल्या. तिला मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं होतं. आम्ही दोघीच उरलो. मी काहीतरी बोलायला लागले, तर तिने हात हलवला, फडक्याने माशी उडवावी तसा.

"नको सांगू कोनाला. तुजा काम जाईल."

माझंच वाक्य होतं ते. मी तिच्यासाठी मनात म्हटलेलं, तिने माझ्यासाठी तोंडाने म्हटलं.

मोठ्या हॉस्पिटलातून ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी थोरल्या मुलाचा फोन आला. तिचे दोन्ही फॉर्म आमच्या फायलीत आहेत, पहिला माझ्या आकड्यांचा आणि त्या दिवशी पाठवणीसोबत भरलेला दुसरा. मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही. पेशंट खोटं बोलतात याचं उदाहरण म्हणून त्या नव्या डॉक्टरांना चांगुमावशीचं सांगतात, आणि मी तिथे बसलेली असते. हे लिहून झालं की याची पहिली प्रत त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. पुढचं पुढे.

त्या दुपारी अॅम्ब्युलन्स खाली लागली होती. मुलं बदलापूरहून निघाली होती, रस्त्यात होती. हलवायला संमतीचा कागद हवा होता आणि तिच्या माहितीची झेरॉक्स सोबत जायची होती. मी ट्रॉलीशेजारी उभी राहून भरत होते. तिने डोळे मिटलेले होते.

"काय लिवतंस? वाच."

मी वाचलं. मिश्री, दिवसातून चार वेळा. जेवणात मीठ जास्त. चढ चढताना छातीत दडपण, डाव्या जबड्यात दुखणं, सहा महिन्यांपासून. रक्तदाब, एकशे अठ्ठ्याहत्तर. वडील आणि भाऊ, अचानक मृत्यू. घरात बापाकडचं म्हातारं माणूस, कुणी नाही.

ती ऐकत होती. शेवटच्या ओळीला तिने मान हलवली.

"आता बरोबर. दे हिकरं."

मी पॅड तिच्या पोटावर धरलं. सलाईन डाव्या हाताला होतं. उजव्या हातात तिने पेन घेतला. 'चां' आला. 'गु' आला, गळासारखा. 'णा' काढता काढता वॉर्डबॉयने ट्रॉलीचा ब्रेक सोडला आणि काना खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेला. बाजूला तिच्या बोटाचा काळा डाग उमटला.

"बिघारला," ती म्हणाली.

"नाही मावशी. चांगला आलाय."

तिने कागद नीट दिसावा म्हणून मान थोडी उचलली. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या त्या सहीकडे बघत होती.